बहुमताचं तेल

आमच्या जीपच्या इंजिनात कोणतं तेल घालायचं, हे एका वर्षी नऊ जणांच्या बैठकीत मतदानाने ठरलं. पाच बाजूने, दोन विरोधात, दोघे तटस्थ. तटस्थांपैकी एकजण झोपलेले होते. पण इतिवृत्तात झोपलेल्यांसाठी रकाना नसतो, म्हणून मी त्यांना तटस्थ धरलं. इतिवृत्त लिहिणारा मीच, ठराव मांडणारा मीच आणि ती जीप ज्याच्या दारात उभी असायची तोही मीच. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष वाटून द्यायला मला फारसं कुणी सापडत नाही.

जीप मी सोळा वर्षांपूर्वी घेतली. माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्याने जुनी वाहनं लिलावात काढली होती. त्या वर्षी धरण आटलेलं, ऊस नाही म्हणून गाळप नाही, आणि उसाच्या नोंदी घेत हिंडायला शेतकी विभागाला जीप लागत नव्हती. मी लिलावाला गेलो होतो तो पाण्याची एक लोखंडी टाकी घ्यायला. टाकी दुसऱ्याने नेली. रिकाम्या हाताने परत येणं बरं दिसेना. जीप पेट्रोलवर चालणारी होती आणि वयाने माझ्याहून दोनच वर्षं लहान. मी ती दारात आणून उभी केली तेव्हा बायकोने तिच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "पानी साठवायची आणाया गेलतात ना? ही तर पिणारी आणली."

मी आकड्यांचा माणूस आहे. पैशाचे आकडे बायको बघते, बाकीचे मी. जीपची एक वही आहे. तिच्यात एका लिटरला किती किलोमीटर पडले, टायरमध्ये हवा किती भरली, प्लग कधी साफ केले, सगळं आहे. घरी पाहुणे आले की मी चहाच्या आधी वही दाखवतो, असं माझी मुलगी सांगत फिरते. हे खरं नाही. चहानंतर दाखवतो. इंजिनाने इतकी वर्षं कधी दगा दिला नाही, याचं श्रेय मी मनातल्या मनात त्या वहीला देत असे. सिरसाळ्याचे मिस्त्री दर तीन महिन्यांनी गाडीखाली शिरून काहीतरी आवळत, ही गोष्टही वहीत आहे, पण शेऱ्याच्या रकान्यात.

आता दुधाचं सांगतो. गावच्या दूध संस्थेचा मी सचिव. बऱ्या वर्षी सकाळचं दूध तीनशे लिटरच्या वर जायचं आणि सिरसाळ्याच्या शीतकरण केंद्राचा टेम्पो ते न्यायला गावात यायचा. तेलाचं मतदान झालं त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस फिरकला नाही. कडबा संपला, लोकांनी जनावरं विकली किंवा पाहुण्यांकडे धाडली, आणि दूध चौऱ्याऐंशी लिटरवर आलं. तीन कॅन. केंद्राने कळवलं, एवढ्यासाठी टेम्पो परवडत नाही. तुमचं तुम्ही आठच्या आत पोचवत असाल तर घेऊ. महिन्यात तीन खाडे पडले तर गावातलं दूध घ्यायचं सेंटर बंद.

संस्थेच्या सभेत मी उभं राहून सांगितलं, माझी जीप आहे.

हे मी गावासाठी केलं असं सगळ्यांना सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. सत्तावीस घरांचं दूध होतं. पण त्यातलं चौदा लिटर माझ्या वहिनीचं होतं, आणि पहाटे उठताना माझ्या डोळ्यांसमोर सत्तावीस घरं नसायची, वहिनी असायची. थोरल्या भावाच्या वाट्याची जमीन माळरानाची. दोघं नवराबायको अठरा हंगाम ऊसतोडीला गेले. अठरा दिवाळ्या आणि अठरा संक्रांती वहिनीने फडात, पाचटाच्या खोपीत काढल्या. तिचा उजवा गुडघा आता वाकला की आवाज करतो. तीन म्हशी तिने एकेक करून जमवल्या होत्या आणि त्या वर्षी ती पहिल्यांदा म्हणाली होती, यंदा आम्ही जाणार नाही. सेंटर चाललं तर ती गावात राहणार होती. बंद पडलं तर म्हशी विकून पुन्हा कोयता हातात घ्यायचा. तिसरी वाट तिला नव्हती.

पोळा झाल्यापासून मी रोज सातला निघू लागलो. एकोणीस किलोमीटर, अठ्ठेचाळीस मिनिटं. मध्ये एक खिंड लागते, तिचा चढ सातशे मीटर. पहिले वीस दिवस एकही खाडा नाही. एवढं नीट चाललेलं असताना मला स्वस्थ बसवलं नाही.

झालं असं की मुलाने मला मोबाईलवर वाचायची सवय लावली, आणि मी सिंथेटिक तेलाबद्दल वाचलं. साध्या तेलापेक्षा जास्त टिकतं, उन्हात पातळ होऊन फुटत नाही, इंजिन आतून साफ ठेवतं, दहा हजार किलोमीटर बदलावं लागत नाही. जाऊन येऊन अडतीस किलोमीटर. मी दहा हजाराला अडतीसने भागलं. दोनशे त्रेसष्ट दिवस. म्हणजे एकदा तेल घातलं की पुढचा सगळा उन्हाळा पार. इतका सुबक आकडा हाती लागला की माणसाला वाटतं, आता विचार संपला.

मिस्त्रींना मी विचारलं नाही असं नाही. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, मी त्यांना चाचा म्हणतो. गॅरेजसमोरच्या लिंबाखाली बसून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"तेल चांगलं हाय," ते म्हणाले. "नव्या गाडीला सोनं हाय. तुमच्या गाडीला नक्को."

"कावून?"

"हिच्या आत पन्नास वर्साचा मैला जमून बसलाय. तोच आता पॅकिंग झालाय. मागं, क्लचच्या बाजूला, दोरीचं पॅकिंग हाय, पार सुकलेलं. कडंला मैला हाय म्हनून तेल थांबतंय. तुमचं तेल जाऊन ते सगळं धुऊन काढंल. साफ करायचा लई शौक असतोय त्याला."

"साफ झालेलं चांगलंच ना, चाचा?"

"सेक्रेटरी साब, भिंतीतला उंदीर मारायला भिंत पाडता का?"

मला हे पटलं नाही. त्यांच्याकडे उंदीर होता, माझ्याकडे दोनशे त्रेसष्ट होते.

जीप माझी असली तरी कामाला लागली होती संस्थेच्या, म्हणून तेल संस्थेने द्यायचं ठरलेलं होतं. संस्था तेल देणार म्हणजे विषय सभेपुढे गेलाच पाहिजे. दुसरा कुणी सचिव असता तर तो डबा आणून मोकळा झाला असता. मी तीन पूर्ण दिवसांची नोटीस काढली, विषयपत्रिका केली आणि नऊ सह्या घेतल्या.

आमच्या कमिटीत इंजिनाशी ज्याचा खरा संबंध आला होता असा एकच सभासद होता. तो पूर्वी ट्रक चालवायचा. तो विरोधात गेला.

"मिस्त्रीला इचारलं का?" त्याने विचारलं.

"विचारलं. पण मिस्त्री आपले सभासद नाहीत. त्यांचं मत इतिवृत्तात घेता येणार नाही."

"इंजिन तरी सभासद हाय का बे?"

सगळे हसले. अध्यक्षांनी हात वर केला. अध्यक्षांनी आयुष्यात बैलगाडीखेरीज काही हाकलं नव्हतं. ते म्हणाले, "वंगण ते वंगण. आमी बैलगाडीला काय मिळंल ते घालत आलो. सचिवानं आकडा काढलाय ना? मग घ्या मत."

मी चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात झाल्याचं लिहिलं.

चाचांनी तेल भरून दिलं. हात पुसताना म्हणाले, "आजवर कंपनीचं तेल भरलं, लूज तेल भरलं. मीटिंगचं तेल आज पयल्यांदा भरलं."

पहिले चार दिवस इंजिन असं चाललं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. आवाज मऊ झाला. एका लिटरला अर्धा किलोमीटर जास्त पडू लागला. मी वहीत त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि ट्रकवाल्या सभासदाला मुद्दाम थांबवून सांगितलं. तो म्हणाला, "बरं हाय," आणि खाली वाकून जीपच्या पोटाकडे बघून निघून गेला.

पाचव्या दिवशी दारात रुपयाएवढा काळा डाग पडला. सहाव्या दिवशी भाकरीएवढा. मी त्याखाली जुनी जर्मनची ताटली ठेवली आणि घड्याळ घेऊन बसलो. गाडी नुकतीच आलेली असताना मिनिटाला चौदा थेंब, अर्ध्या तासाने सहा, तासाभराने एक. बायको अंगण झाडायला आली आणि माझ्याभोवतीने झाडून गेली.

"काय करताव?"

"थेंब मोजतोय."

"मोजल्यानं थांबतेत का?"

मी तिला समजावलं की गळतीचा वेग कळला तर रोज किती तेल वर घालावं लागेल ते काढता येतं. ते मी काढलंही. आकडा बरोबर होता. तेल मी रोज त्या हिशेबाने घालत होतो आणि इंजिनाला ते कमी पडत नव्हतं. फक्त जे गळत होतं ते सगळंच ताटलीत पडत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. उरलेलं क्लचच्या प्लेटवर जात होतं.

नवव्या दिवशी खिंडीत मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं आणि जीप जागच्या जागी राहिली. बैल दावणीत उड्या मारतो आणि गाडी हलत नाही, तसं. मागे तीन कॅन आणि अध्यक्ष. ते रोज सिरसाळ्याला चहा प्यायला येत. त्यांनी उतरून ढकललं, मी ढकललं, एका मेंढपाळाने ढकललं. वर पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. केंद्राच्या दारातून दूध परत आलं. दुपारी सेंटरवर सत्तावीस घरांची माणसं आपापलं दूध मोजून परत घेऊन गेली. त्याला वास यायला लागला होता. कुणी मला बोललं नाही, आणि ते मला जड गेलं.

वहिनी आपली किटली घेऊन शेवटी थांबली.

"भावजी, गाडीला काय झालं?"

मी तिला पॅकिंग, मैला, क्लच असं सगळं सांगितलं.

"म्हंजी तेल बदलावं लागंल."

"हो. पण ते ठरावाने घातलंय. बदलायला सभा घ्यावी लागेल. नोटीस काढतो आज."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. अठरा वर्षं फडावर मुकादमाशी बोललेली बाई आहे. तिला राग आला की ती आवाज कमी करते. "मुकादम सकाळी येऊन गेला," ती म्हणाली. "टोळीच्या कोयत्यात नाव धरू का म्हनला. दसऱ्यानंतर सांगते म्हनलं. तुमची सभा दसऱ्याच्या आधी व्हईल ना?"

मी घरी जाऊन नोटीस लिहिली. सभा शुक्रवारी. त्या दिवशी सोमवार होता.

मंगळवारी काय करायचं? दोन पोरं मोटारसायकलवर कॅन न्यायला तयार होती. उघड्या गाडीवर दूध हिंदकळतं आणि आंबतं, असं मी त्यांना शास्त्रशुद्ध सांगून परत पाठवलं. कारण मी हिशेब केला होता. अध्यक्षांचं वजन बासष्ट किलो. ते नसले, स्टेपनी काढली, पेट्रोल अर्धंच ठेवलं, की नव्वद किलो भार कमी होतो, आणि तेवढ्यावर जीप पहिल्या गिअरमध्ये चढून जाईल. अध्यक्षांना मी नम्रपणे उतरवलं. खिंडीत जीप आदल्या दिवसापेक्षा साठ मीटर पुढे जाऊन थांबली. या वेळी ढकलायला कुणी नव्हतं. मेंढपाळसुद्धा गाव सोडून पुढे गेला होता.

दुसरा खाडा.

एका ट्रॅक्टरने मला सिरसाळ्यापर्यंत ओढत नेलं. गॅरेजमध्ये पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. चाचांनी दोरखंड सोडला, जीपखाली हात घालून बोटं बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली. बोटांवर तेल होतं, काळंकुट्ट, डांबरासारखं. इंजिनातला मैला सगळा धुऊन त्यात उतरला होता. ते म्हणाले होते तसंच.

"गिअरबॉक्स उतरवावा लागंल," ते म्हणाले. "प्लेट पेट्रोलनं धुवायची. नवं पॅकिंग टाकायचं. साधं जाड तेल भरायचं. आत्ता लागलो तर सांजच्याला गाडी मिळंल. उद्या दूध जाईल."

मी खिसा चाचपला.

"सभा कधी हाय?" त्यांनी विचारलं. गावातली बातमी एकोणीस किलोमीटर माझ्याआधी पोचलेली असते.

"शुक्रवारी."

"मग आज उघडू का शुक्रवारी?"

माझ्या खिशात सहा सह्या झालेली नोटीस होती. तीन सह्या बाकी. वीस वर्षांत मी सभेविना एक पेनसुद्धा घेतला नव्हता, आणि मला याचा खरोखर अभिमान होता. तालुक्याच्या तपासणीत माझ्या दप्तरावर कधी शेरा पडला नाही. चाचा घाई करत नव्हते. पाना हातात घेऊन बसून राहिले. मला वहिनीचा कमी झालेला आवाज ऐकू येत होता. शुक्रवारपर्यंत तीन सकाळी होत्या. तिसरा खाडा त्यातल्या पहिल्याच सकाळी पडणार, हे काढायला भागाकार लागत नव्हता.

"उघडा," मी म्हणालो.

ते लगेच जीपखाली शिरले. दिवसभर मी त्यांना पाने देत बसलो. चुकीचे दिले की ते न बोलता परत सरकवत. तीन वाजता त्यांनी जुनं पॅकिंग बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. वाळलेल्या आंब्याच्या कोयीच्या शिरेसारखं होतं. नवं पॅकिंग त्यांनी तेलाच्या डब्यातून भिजलेलंच बाहेर काढलं. "हे कधी भिजवलं?" मी विचारलं.

"तुमी तेल भरून गेला त्याच दिवशी भिजवून ठेवलंय," ते गाडीखालून म्हणाले. "नऊ दिवस भिजतंय."

जाड तेल भरून झाल्यावर मी विचारलं, "चाचा, आता पॅकिंग नवं आहे, आतून साफ आहे. आता सिंथेटिक चाललं असतं?"

"चाललं असतं. मला तेलाचं भ्याव न्हाई."

"मग?"

"तुमचं हाय. चाललं की तुमी अजून कायतरी वाचणार."

बुधवारी दूध सात सत्तेचाळीसला पोचलं. शुक्रवारच्या सभेत मी स्वतःच लेखी मांडलं की सचिवांनी मंजुरीशिवाय तेल बदललं, याबद्दल सभेने नाराजी नोंदवावी. अनुमोदक मिळेना. ट्रकवाला सभासद म्हणाला, "सोड बे, च्या सांग." अध्यक्षांनी तो ठराव पुढे ढकलला. तो अजून पुढेच ढकललेला आहे, आणि दर वर्षी मी तो विषयपत्रिकेवर घेतो.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा दसरा होऊन ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक गावात आला. मुकादमाने वहिनीला पुन्हा विचारलं होतं. तिने नाही म्हणून सांगितलं होतं. पण हे सांगून झालं तरी ट्रक सकाळी चौकात उभा राहतो तेव्हा वेगळं असतं. वळकट्या, पातेली, कोंबड्यांच्या पाट्या, शेळ्या वर चढत होत्या. आमच्या गल्लीतली पाच कुटुंबं त्यात होती. मी कॅन भरून सातला निघालो आणि चौकात अडकलो. ट्रक आडवा. दोन्ही बाजूंना सामान. सात पाच. सात दहा. मी हॉर्न वाजवला. ज्यांची घरं रस्त्यावर मांडलेली आहेत त्यांना तो ऐकू येण्याचं कारण नव्हतं. आणि मला उतरून त्यांना ‘बाजूला व्हा’ म्हणवेना. त्यांच्यातल्या तिघांच्या म्हशी आमच्याच सेंटरला दूध घालत होत्या, वैरण संपेपर्यंत.

वहिनी सेंटरवरून लंगडत आली. तिने एकदा ट्रककडे बघितलं, एकदा माझ्या घड्याळाकडे.

"गाडी मागं घ्या," ती मुकादमाला म्हणाली.

"सामान चढतंय, बाई. दहा मिंटं."

"दहा मिंटं न्हाईत. दूध हाय."

मुकादम हसला. "तुजी जागा अजून मोकळी हाय मागं. बस की. कशाला दुधाच्या नादी लागती? ह्या सेक्रेटरीच्या गाडीचं काय खरं हाय?"

ट्रकमधल्या बायका ऐकत होत्या. वहिनी ज्यांच्याबरोबर अठरा हंगाम मोळ्या वाहत होती त्याच. वहिनीने आवाज कमी केला. "गाडीचं काय खरं न्हाई," ती म्हणाली. "म्हनूनच येळ पायजे. बंद पडली तर ढकलावी लागती."

कुणीतरी वरून हसलं. मग एक बाई खाली उतरली आणि तिने आपली पातेली रस्त्यावरून उचलून कडेला घेतली. दुसरीने शेळी ओढली. न सांगता सगळ्यांनी सामान सरकवलं, ड्रायव्हरने ट्रक दोन हात मागे घेतला, आणि जीपपुरती फट झाली. वहिनीने त्या पातेलीवाल्या बाईचा दंड धरला, काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. मग पदर खोचून मागे कॅनशेजारी चढून बसली.

"तू कशाला?"

"ढकलायला. चला."

खिंडीत मी पहिला गिअर टाकला. जीप चढली. सिरसाळ्याला सात छपन्नला पोचलो. केंद्रातल्या माणसाने झाकणं काढली, वास घेतला, दूध तपासलं, ओतून घेतलं आणि चिठ्ठी दिली. वहिनी दारात उभी राहून बघत होती. इतकी वर्षं दूध घालूनही ते कुठे जातं हे तिने बघितलेलं नव्हतं. दुधाच्या दिवसांत म्हशींपाशी आणि उरलेल्या दिवसांत फडात.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

ती जीपच्या पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी गुडघा चोळू लागली. मी विचारलं, चहा घेऊ या का. ती म्हणाली, घ्या तुमी लवकर, म्हशींना वैरण टाकायची हाय.